मेंदूपर्यंत न गेलेली वाट

यवतमाळ जिल्ह्यात लोक कापसाच्या कामाने जातात, नात्यातल्या लग्नाला जातात. मी गेले ते एका बाईच्या डोळ्यांत बघायला. परत आल्यावर हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, "एवढ्यासाठी दोन दिवस एस.टी.चे धक्के खाल्लेस?" त्या हसणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना तिकडे जायचं कधी कारणच पडणार नाही त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे.

आधी माझ्या खुळाविषयी सांगायला हवं. मी मूळची पुण्याची, नोकरीने नागपूरची. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सरच्या रोग्यांचं काम करते. कॅन्सर उगवला तिथेच राहिला तर कापून काढता येतो. पण तो राहत नाही. रक्तात उतरतो आणि भलतीकडेच जाऊन बिऱ्हाड थाटतो. कुठे थाटतो, ते मात्र सगळ्यांचं सारखं नसतं. आमच्याकडे तंबाखूने होणारे तोंडाचे कॅन्सर ढिगाने येतात. तोंडापासून मेंदू जेमतेम वीतभर, तरी तो रोग गळ्यात उतरतो, मेंदूत सहसा जात नाही. उलट स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा कातडीवरच्या काळ्या तिळातून होणारा कॅन्सर इतका दूर असूनही काही जणांच्या थेट मेंदूत पोचतो. का? मेंदूला रक्त पुष्कळ जातं म्हणून, असं एक उत्तर आहे. पण रक्त तर प्लीहेलाही पुष्कळ जातं, आणि तिथे हा पाहुणा फारसा उतरत नाही. शिवाय मेंदूवर पहारा आहे. जनावराच्या रक्तात निळा रंग सोडला तर बाकीचे अवयव निळे होतात, मेंदू तेवढा कोरा राहतो, हे फार पूर्वीच करून पाहिलेलं आहे. ज्या दारातून रंगाला आत शिरता येत नाही, त्याच दारातून कॅन्सरची अख्खी पेशी शिरते, टिकते आणि वाढते. तेही एकीच्या बाबतीत होतं, आणि अगदी तसाच रोग असलेल्या दुसरीच्या बाबतीत होत नाही.

हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला होता. तपासायला आलेल्या प्रत्येक बाईला मी पहिल्यांदा विचारत असे, "डोकं दुखतं का?" नाव, गाव, बाळंतपणं हे सगळं नंतर. रुग्णालयातले लोक पाठीमागे मला 'डोकेबाई' म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं. माझ्या एका वहीत तीन बायकांची हकिगत होती. तिघींचा स्तनाचा रोग शस्त्रक्रियेने काढला होता, तिघी पुढे मेंदूत गाठी होऊन गेल्या. चौथं नाव लिहावं लागतं की काय, अशा भीतीने मी या प्रवासाला निघाले.

ते नाव धनीबाईचं. फुलसावंगीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. वय चाळिशीच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा स्तन काढला होता. दर सहा महिन्यांनी ती नवऱ्याबरोबर नेमाने दाखवायला येई. गेल्या चैत्रात आली तेव्हा मी सवयीने विचारलं, डोकं दुखतं का. ती म्हणाली, "कवाकवा दुखते." एवढं पुरे झालं. मी लगेच कवटीचा एक्स-रे सांगितला. धातू मध्ये यायला नको म्हणून खोलीत सिस्टरने तिच्या कानांशेजारच्या वेण्यांत गुंफलेले चांदीचे लोंबते दागिने दोरे कापून काढले. त्यांना घुगरी-टोपली म्हणतात, आणि बंजारा बाईचा नवरा असेपर्यंत ती केसांतून उतरत नाही, हे सिस्टरला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. धनीबाईने एक्स-रे काढू दिला नाही. दागिने ओढणीच्या टोकाला बांधून ती तशीच निघून गेली, ती पुन्हा आली नाही. मार्गशीर्षात फुलसावंगीच्या शाळेतल्या गुरुजींचं पत्र आलं: धनीबाईचं डोकं रोज दुखतं, उलट्या होतात, चालताना झोक जातो, एका डोळ्याने अंधूक दिसतं, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ती उठून जाते.

ही सगळी लक्षणं मेंदूतल्या गाठीचीच. मी रजा टाकली.

उमरखेड

नागपूर ते यवतमाळ आणि यवतमाळ ते उमरखेड या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की माझ्या मांडीवर अर्धा रस्ता एका आजोबांचा कोंबडा होता, आणि तो माझ्यापेक्षा शांत बसला होता.

उमरखेडला उतरले ती मुद्दाम. माझ्या वहीतली तिसरी बाई इथली. तिचे यजमान मारोतराव यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. ती गेल्याला वर्ष झालं होतं. तिचं डोकं पहिल्यांदा कधी दुखायला लागलं, वागणं कधी बदललं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. आता लिहिताना वाटतं, केवढा हा निर्लज्जपणा. तेव्हा वाटला नाही.

मारोतरावांनी गादीवर जागा करून दिली, चहा मागवला, आणि मग शांतपणे विचारलं, "बाई, थे तं गेली. आता तुमी तिचं काय पाह्यता?"

मी म्हटलं, "दुसऱ्या एका बाईला तेच होतंय की काय, ते बघायला चालले आहे. तुमच्याकडून काही कळलं तर उपयोग होईल."

ते उठले आणि मागच्या फळीवरून एक हिरवं लुगडं घेऊन आले. त्यांची बायको दुकानात बसे, लुगड्यांच्या घड्या तीच घाली. "हे पाहा. काठ आतमंदी अन् उलटी बाजू वर. आमच्या दुकानात अशी घडी कोनीच घालत नाही. म्या म्हटलं, अवं, हे काय केलं? तं हासाले लागली. थ्या दिवशी डोक्स्याचं काहीच नव्हतं. दुखनं तं पंधरा दिवसानं आलं."

मी ते लिहून घेतलं. दुखण्याआधी पंधरा दिवस घडी बदलली, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. लुगडं तेव्हापासून तसंच आहे, विकलेलं नाही, घडीही मोडलेली नाही. मारोतरावांनी ते दोन्ही हातांवर घेऊन परत फळीवर ठेवलं. मग मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाले, "थ्या बाईले बरं वाटू द्या म्हंजे झालं." मला त्या माणसापुढे फार लहान वाटलं.

फुलसावंगी

फुलसावंगीला शिवराम गुरुजी वाट बघत उभे होते. पत्र लिहिणारे ते हेच. घरची शेती, वर शाळेतली नोकरी, आणि आसपासच्या तांड्यांची पत्रं लिहिण्याचं काम न सांगता अंगावर घेतलेलं. घर बैठं आणि सारवलेलं, ओसरीवर कापसाचा ढीग. पुण्यात पाहुण्याला बसायला खुर्ची देतात, इथे त्यांच्या पत्नीने, सुभद्राबाईंनी, कापूस सारखा करून त्यावर घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "बसा जी." इतक्या मऊ आसनावर मी जन्मात बसले नव्हते.

जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी होती. सोले म्हणजे ओल्या शेंगांतले हिरवे दाणे. लसूण-मिरचीच्या वाटणात शिजवलेले, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीची भाकरी. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुभद्राबाईंनी विचारलं, तुमच्याकडे तुरीचं काय करता? मी म्हटलं, आमटी करतो, त्यात थोडा गूळ घालतो.

"गूळ?" त्या हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे वळल्या. "तुरीमंदी गूळ? मंग चायमंदी मीठ टाकत असान तुमी!"

गुरुजी हसून हसून ठसकले. भाकरीला एका बाजूला चांगलाच डाग पडला, आणि सुभद्राबाईंनी ती पुण्याच्या पाहुणीमुळे जळली असं जाहीर करून स्वतःच्या ताटात घेतली.

दुपारी गुरुजींनी बैलगाडी जुंपली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि बायका ओटी बांधून वेचत होत्या. गुरुजी प्रत्येक शेताच्या मालकाचं नाव सांगत, आणि बहुतेक नावांबरोबर त्याच्या मुलाला पाढे येतात की नाही तेही. मध्ये एक नाला लागला. उतारावर गाडी कलली आणि माझी पिशवी सरळ पाण्यात गेली. आत डोळा तपासायचं यंत्र होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक फिकट गोल चकती दिसते, मेंदूकडे जाणारी नस तिथून निघते. मेंदूत गाठ वाढून दाब आला की त्या चकतीच्या कडा सुजतात, पुसट होतात. कवटी न उघडता मेंदूची खबर घेण्याची ही एकच जागा. यंत्र कापडात गुंडाळलेलं होतं म्हणून वाचलं, पण त्यात घालायचे बॅटरीचे दोन्ही सेल भिजले. मी ते ओढणीला पुसून, फुंकर मारून, उन्हात धरून पाहिले. दिवा लागला नाही.

तांडा

तांडा टेकाडाच्या उतारावर होता. पंचवीस-तीस घरं, लिंबाखाली नायकाचं घर. भावसिंग नायक हे तांड्याचे प्रमुख. सत्तरीचे, पांढरा फेटा, ताठ पाठ. त्यांच्या शेजारी धनीबाईचा नवरा हरसिंग उभा होता. गुरुजींनी मी कोण ते सांगितलं. हरसिंगने हात जोडले आणि जोडलेल्या हातांनीच बोलला.

"डॉक्टरीनबाई, तिले पुन्ना नागपूरले नेनार असान तं चाय प्या अन् वापस जा. म्या जित्ता असताना तिची घुगरी काढली तुमी. ती घरी आली तं बाया माह्याकडं पाहून राहिल्या होत्या, का हा मेला कवा."

गुरुजी काहीतरी बोलणार होते, मी त्यांना थांबवलं.  म्हटलं, "चूक झाली. मला माहीत नव्हतं, पण विचारायला तर येत होतं, तेही मी केलं नाही. तिला नेणार नाही. घुगरीला हात लावणार नाही. फक्त तिच्या डोळ्यांत बघू द्या."

"डोयात पाहून काय समजते?" नायकांनी विचारलं.

मी चकती आणि सूज समजावली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग आत जाऊन राखणीची बॅटरी आणली, तिच्यातले दोन सेल काढून माझ्या हातावर ठेवले आणि घरांच्या ओळीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "धनी, बाहेर ये. बाई माफी मांगून राहिली."

धनीबाई बाहेर आली. आरशांचे तुकडे लावलेली लाल ओढणी, दंडापर्यंत बांगड्या, आणि एक हात भिंतीला. मला बघून तिने तोंड फिरवलं, पण परत गेली नाही.

तिच्या घरात दाराला गोधडी टांगून अंधार केला. तांड्यावरच्या बायका आत शिरून भिंतीला टेकून बसल्या, कारण दवाखान्यात तिला एकटीला नेलं होतं, आता एकटीला सोडणार नाही, असं तिच्या जावेने मला स्पष्ट सांगितलं. मी आधी लांबूनच दोन्ही डोळ्यांवर प्रकाश टाकला. डावी बाहुली आक्रसली. उजवी आक्रसली नाही. काळीभोर, रुंद, मनीआर्डरच्या शिक्क्यासारखी पसरलेली, आणि प्रकाशाला जराही दाद न देणारी.

हे मी आधी पाहिलं होतं. मारोतरावांच्या बायकोच्या डोळ्यात, शेवटच्या आठवड्यात. मेंदूवरचा दाब फार वाढला की एका बाजूची बाहुली अशी होते.  बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी उगाच यंत्राचा स्क्रू फिरवत बसले. मला रडू येत होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

मग जवळून बघायला वाकले तेव्हा वास आला. ओला, कडवट, पाला चुरगळल्याचा वास. ओढणीच्या आत, उजव्या कानशिलावर हिरवट डाग होता.

"हे काय लावलंस?"

"धोतऱ्याचा पाला," धनीबाई म्हणाली. "गरम करून बांधते. डोक्सं लय ठनकते इकडून."

"रोज?"

"रोज. सकायी बांधते."

"आणि त्या हाताने डोळा पुसतेस?"

तिने गालावरून बोट ओढून दाखवलं. "रस गयते ना खाली. मंग पुसाच लागते."

 धोतऱ्याच्या रसाचा थेंब डोळ्यात गेला की बाहुली पसरते आणि कितीतरी दिवस तशीच राहते. डोळे तपासणारे डॉक्टर त्याच जातीचं औषध मुद्दाम घालतात. मी एकामागून एक विचारत सुटले. झोक पाला बांधायच्या आधी जातो की नंतर? नंतर. तोंड कोरडं पडतं? "पानी पेऊन पेऊन जीव जाते." मळमळ? तीही नंतरच. कानशिलावर ओढणी सारून पाहिलं तर घुगरीच्या मुळाशी कातडी सोलवटलेली, बारीक जखमा झालेल्या. रस तिथून रोज अंगात जात होता.

आता आत बघायचं होतं. इतकी रुंद बाहुली असल्यावर आतला पडदा उघड्या खिडकीतून दिसावा तसा दिसला. नारिंगी पडदा, त्यावर लाल शिरांच्या फांद्या, आणि त्या जिथून फुटतात तिथे ती चकती: फिकट पिवळी, गोल, कडा सगळीकडून स्वच्छ. मी तीनदा पाहिली. डाव्या डोळ्याची बाहुली बारीक, तिथे चकती सापडायला पाऊण तास गेला. जाऊ म्हणाली, "बाई डोयात हरवली." दोन्ही चकत्या निर्मळ होत्या.

"सूज नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका फाटला की बायकांना वाटलं काहीतरी वाईट आहे. पुन्हा सांगावं लागलं.

खरं सांगायचं तर सूज नाही म्हणजे गाठ नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून मी तिचे गुडघे ठोकले, तिला बोट नाकाला लावायला सांगितलं, आणि पाला बंद करून तीन दिवस तिथेच राहायचं ठरवलं. गाठ असेल तर पाला काढल्याने ती जाणार नव्हती.

पण डोकं मुळात का दुखत होतं? ते मी धनीबाईला विचारलं. ती जे म्हणाली ते ऐकून मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पहिल्यांदा 'कवाकवा दुखते' म्हणाली ते उन्हातून आल्यावर दुखावं तसंच होतं. दवाखान्यातून आल्यावर तिने घुगरी पुन्हा गुंफून घेतली, नव्या सुताने, जीव खाऊन आवळून, कुणाच्या बापाला पुन्हा काढता येऊ नये अशी. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत केस मोकळे केले नव्हते. आठ महिने कानशिलांचं कातडं ताणून धरलेलं. मी तिला 'डोकं दुखतं का' विचारलं, त्यातून हे सगळं दुखणं जन्माला आलं होतं.

"मोकळं करायला हवं," मी म्हटलं.  हरसिंग दारात होता, त्याने मान खाली घातली. तेव्हा जाऊ पुढे सरकली. "येका बाजूची खोलते. दुसरी राहू दे. मंग हे बांधली का ते खोलते. डोकं घुगरीबिगर राहातच नाही." तिने तसंच केलं. आधी उजवी सोडून, तेल घालून, सैल गुंफून लावली, मग डावी. धनीबाईने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. हे बघताना मला कळलं की त्या दिवशी एक्स-रेसुद्धा असाच काढता आला असता, एका वेळी एक बाजू. आमच्याकडे इतकी शिकलेली माणसं, कुणालाच ते सुचलं नाही.

तीन दिवस

मी नायकांच्या घरी उतरले. दुसऱ्या दिवशी बकरं कापलं गेलं आणि माझ्यापुढे सळोई आली. ती बकऱ्याच्या रक्ताची करतात, हे मला पहिला घास तोंडात गेल्यावर सांगण्यात आलं. मी जन्मभर रक्त काचेवर घेऊन बघितलं, वाटीत घेऊन पहिल्यांदाच. सोबत बाटी, म्हणजे ज्वारीची जाड भाकरी. चव कलेजीसारखी, तिखट जास्त. मी सगळी वाटी संपवली. पुण्याला आईला हे पत्रात कळवलेलं नाही.

जेवताना मी नायकांना माझं खूळ सांगितलं, की रोग रक्तातून सगळीकडे फिरतो पण राहतो काही ठिकाणीच. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"आमचा आजा बैलावर मीठ घेऊन जाये," ते म्हणाले. "रस्त्यानं कितीक गावं लागत. पानी तं समद्याच गावाले होतं. पन तांडा पडे कुठं? जिथला मानूस म्हने, या, बसा, तिथं. अन् हितं असं झालं का गावाले आमच्या मिठाची सवय झाली, आमच्या बैलाईले हितल्या गवताची. मंग तांडा हाललाच नाही."

मी घास हातात धरून ऐकत राहिले. आम्ही सतत पाहुण्याचा विचार करतो, पेशी कशी सुटली, कशी शिरली. आत तिला 'या, बसा' म्हणणारं कुणी असतं का, मेंदूतलंच काही तिला पोसतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याकडे नाही, नायकांकडेही नव्हतं. त्यांनी आणखी एक बाटी वाढली.

धनीबाईचा झोक दुसऱ्याच दिवशी गेला. उलट्या थांबल्या. दुपारी ती मला शेतात घेऊन गेली आणि मी कापूस वेचायचा प्रयत्न केला. बोंडाच्या टोकांनी माझी बोटं रक्ताळली, तिची दोन्ही हातांची झरझर चालत होती. उजवा हात शस्त्रक्रियेमुळे जरा सुजलेला, तरी माझ्या चौपट कापूस तिच्या ओटीत. ती पहिल्यांदा हसली ती माझी ओटी बघून. "बाई, तुमी डोयेच पाहा," म्हणाली. कडेला बसून आम्ही हरभऱ्याचा कोवळा पाला मिठाबरोबर खाल्ला. तिने मला स्वतःहून काखेतला व्रण दाखवला. मी बोटांनी चाचपला. स्वच्छ होता. ऊन छान होतं, आणि मला परत जावंसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहुली अर्ध्यावर आली होती. प्रकाश टाकला तर आळसावलेली का होईना, हलली. डोकं दुखत नव्हतं. मी हरसिंगला सांगितलं, आज तिच्या मेंदूत काही आहे असं मला वाटत नाही. पुढचं मला सांगता येत नाही, दर सहा महिन्यांनी बघायला हवं. त्याने विचारलं, "पाहाले तुमी येसान?" मी हो म्हटलं. मग तो माझ्याकडे पाठ करून बैलांशी काहीतरी बोलत उभा राहिला. बराच वेळ वळला नाही.

गुरुजी गाडी घेऊन आले. फुलसावंगीहून दुपारची बस गाठायची होती, दुसऱ्या दिवशी मला कामावर हजर व्हायचं होतं. बायका जमल्या. नायकांचे सेल परत केले. पिशवी गाडीत ठेवली तेव्हा धनीबाई पुढे आली.

"गुरुजी म्हंते, तुमी उमरखेडले गेलत्या. तिथल्या बाईच्या डोक्स्यात गेलं होतं."

"हो. तुझ्यासारखाच रोग होता. ऑपरेशनसुद्धा तसंच झालं होतं."

"तुमच्या वहीत अशा किती बाया हायेत?"

"तीन."

"तिघीयच्या घरी जाऊन इचारलं?"

"विचारलं. कधी दुखलं, काय खात होत्या, मुलं किती, सगळं."

"अन् ज्याईच्या डोक्स्यात नाही गेलं, त्याईले?"

 अशा कितीतरी जणी दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसत. डोकं दुखत नाही म्हणाल्या की मी पुढच्या बाईला हाक मारत असे. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी एकीचीही हकिगत मी लिहून घेतली नव्हती.

धनीबाई गाडीचा दांडा धरून उभी होती. तिच्या कानांशेजारी घुगरी सैल लोंबत होती.

"थ्या तं मेल्या, बाई. त्याईच्या घरी जाऊन जाऊन इचारता. म्या जित्ती हाय, तुमच्यासमोर उभी हाय. माह्या डोक्स्यात काहून नाही गेलं, हे मले कायले नाही इचारत?"

मी गुरुजींना म्हटलं, बैल सोडा. मग पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली, धनीबाईच्या ओट्यावर बसले आणि तिला पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव विचारलं.